दुसऱ्या रिमोटला पॉज नव्हता

नव्वदच्या दशकात नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी व्हिडिओ गेम आला, त्याला दोन रिमोट होते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं होती, दुसऱ्यावर ती जागा सपाट. पहिला रिमोट अर्थातच दादाचा. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, सगळं त्याच्या हातात. मला पाणी प्यायला उठायचं तरी त्याची परवानगी. पुढे कळलं की ही आमच्या नकली डब्याची कंजुषी नव्हती. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम हा अस्सल डबा आणला, तेव्हाच त्याच्या दुसऱ्या रिमोटला ही बटणं नव्हती. त्याऐवजी एक चिमुकला माईक होता. धाकट्याने थांबवायचं नाही, हवं तर ओरडावं, असा जपान्यांचा हिशेब असावा. आमच्या नकलेत माईकही गळला होता. ओरडणं मी स्वतःच्या जिवावर केलं.

पण पॉज होता, हे महत्त्वाचं. सात वाजले की बाबांना बातम्या लागत. दादा पॉज दाबायचा, मी चॅनल बदलायचो, आणि काँट्रा या खेळातले आमचे दोन शिपाई बातम्या संपेपर्यंत, आणि पाहुणे आले तर पाहुणे जाईपर्यंत, उडी मारलेल्या अवस्थेत हवेतच थांबायचे. डबा बंद केला की सगळं पहिल्यापासून, म्हणून अडॅप्टर चटका बसेल इतका तापला तरी तो चालूच ठेवायचा. काँट्रात एक धबधब्याची पातळी होती. दोघांनी मिळून वर चढायचं. एकजण भराभर पुढे गेला की पडदा वर सरकायचा आणि मागे राहिलेला खालच्या खाली मरायचा. दादा असा किती वेळा वर गेला आणि मी किती वेळा मेलो, याची भांडणं अजून दिवाळीला निघतात.

माझी भाची कॉलेजात आहे आणि तिच्या खेळाला पॉजच नाही. परवा रविवारी गंगापूर रोडला आम्ही सगळे मिसळ खायला गेलो. मिसळ आली, तर्री आली, पापड आला, आणि ही बीजीएमआय या पब्जीच्या भारतीय अवताराच्या शेवटच्या वर्तुळात. शंभर जण विमानातून उड्या टाकतात, नकाशावरचं वर्तुळ आवळत जातं, अर्ध्या तासाच्या आसपास निकाल लागतो. “मामा, दोन मिनिटं.” ही दोन मिनिटं म्हणजे पाहुणे दारात उभं राहून ‘निघतो आता’ म्हणतात तशी. बरं, उठावं तर चौघांच्या टोळीतले उरलेले तिघे उघडे पडतात. त्यातला एक नागपूरला, एक कोण आहे हे हिलाच माहीत नाही. त्या न पाहिलेल्या माणसाचा शब्द राखण्यासाठी समोरची मिसळ गार होत होती.

तिथेच वाद पेटला. माझं म्हणणं, ज्या खेळाला थांबवता येत नाही त्याने खेळणाऱ्याला ताब्यात घेतलंय. तिचं म्हणणं, मामा, तुम्हाला तरी कुठे थांबवता येत होतं, ते बटण दादामामाकडे होतं. यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग तिने दुसरा पत्ता टाकला. “तुमच्या त्या पार्लरमध्ये आई कधी आली होती?”

नव्हती आली. आमच्या भागात एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, पडदा लावलेलं, आत अंधार, पोरांची ही गर्दी. ताईला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नाही, इतकं ते ठरलेलं होतं. भाचीला कुठल्या पडद्याआड शिरावं लागत नाही. फोन तिचा, डेटा तिचा, खेळही फुकट. ऑनलाइन मोडची बाजू मांडायला मला एवढी एक गोष्ट पुरते. अर्थात तिचा हेडसेट चांगल्यापैकी महाग आहे आणि अनोळखी टोळीत त्याचा माईक कायम बंद असतो. मुलीचा आवाज ऐकला की समोरचे खेळ सोडून भलतंच बोलायला लागतात. त्या हेडसेटवर पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून हे नेमकं कळतं म्हणून तो घेतला. ऐकायचं सगळं, बोलायचं काही नाही.

हेडसेटला माझी ना नाही. बाकीच्या वस्तूंचं मात्र काय सांगावं! एम. जी. रोडला मोबाइलच्या दुकानांतून एक चक्कर मारली तर फोनच्या पाठीला चिकटवायचे पंखे, कडेला अडकवायचे ट्रिगर, लाल-निळे दिवे लागणारे माऊस, सगळं टांगलेलं दिसतं. त्यात अंगठ्यात घालायच्या छोट्या टोप्या मिळतात. आधी हसलो होतो. पण फोनच्या पडद्याला बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल कळतो, घाम आला की तो गोंधळतो, म्हणून या टोप्यांत वीज वाहून नेणारे धागे विणलेले असतात. एप्रिलमधल्या नाशकात दुपारी तीन वाजता ही वस्तू मला पंख्यापेक्षा शहाणी वाटली. शिवाय स्वस्त.

तिला आता १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर हवाय. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र साधारण १७ मिलिसेकंदांनी बदलतं, याच्यावर ७ मिलिसेकंदांनी. म्हणजे फायदा दहाचा. काहीतरी दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाचा जवळपास पाव सेकंद, म्हणजे अडीचशेच्या आसपास मिलिसेकंद जातात, आणि माझ्या वयाला जरा जास्तच. तिची बोटं तिची, तिला ते दहा जाणवत असतील, मी नाकारत नाही. पण पिंग, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायचा वेळ, वाढला म्हणून जी रडारड चालते तिचं कारण मॉनिटर नसतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असला तर इथून तिथे जाऊन परत यायला त्याला दोन मिलिसेकंद पुष्कळ झाले. उरलेले तीस-चाळीस कुठे जातात? बरेचसे मधल्या यंत्रांमधून वळणं घेण्यात, आणि काही राऊटर हॉलमध्ये नि हिची खोली दोन भिंतींपलीकडे म्हणून. त्याला इलाज म्हणजे लांबलचक लॅन केबल. तिच्यात दिवे लागत नाहीत, म्हणून ती कुणाला वाढदिवसाला नको असते. (सध्या सिंहस्थासाठी रस्ते खोदणं चाललंय. जेसीबीने तार तोडली की राऊटर हॉलमध्ये असो की डोक्यावर, सगळे समान.)

टिकण्याचा मुद्दा काढला तर दोन्ही बाजू लंगड्या पडतात. आमच्याकडे बदकं मारायची बंदूक होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की बदक पडायचं. तो सगळा खेळ जुन्या, पोटवाल्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेला. एलईडी आला आणि बंदूक कायमची मुकी झाली. पण निदान आमची कॅसेट तरी आमचीच राहिली. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा खेळ लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. युबीसॉफ्टने २०२४ च्या मार्चअखेर त्याचा सर्व्हर बंद केला आणि एकट्याने खेळणंही संपलं. आपल्याकडे पब्जी २०२० च्या सप्टेंबरात बंदीत गेला, २०२१ ला बीजीएमआय होऊन आला, २०२२ ला पुन्हा गायब, २०२३ ला पुन्हा हजर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा ताईने अर्धीच बातमी ऐकून शिरा केला. बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर होती, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, उलट मान्यता मिळाली. शिरा भाचीनेच जास्त खाल्ला.

मला पटलेला ऑनलाइन खेळ दोघांपुरता आहे. ‘इट टेक्स टू’ हा २०२१ चा खेळ एकट्याने खेळताच येत नाही, आणि एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट. भाची तो बंगळुरूला गेलेल्या मैत्रिणीबरोबर ताईच्या कॉम्प्युटरवर खेळते. पडदा दुभागलेला, दोघींना दोघींचं दिसतं. एकीने हात खाली ठेवले की दुसरीला पुढे जाताच येत नाही. इथे तिचा माईक चालू असतो, आणि शेजाऱ्यांनाही ते माहीत आहे.

तर मॉनिटरच्या पैशात लॅन केबल आणि एक जादा रिमोट, दोन्हींवर स्टार्टचं बटण असलेले, असा माझा प्रस्ताव मी मिसळीच्या टेबलावर मांडला. भाचीने तो विचारार्थ ठेवून घेतला. ताई इतका वेळ गप्प होती. तिने एवढंच विचारलं, की त्या हेडफोनात मी जेवायला हाक मारलेली ऐकू जाईल, असं काही बसवून मिळतं का?

बाहेरचा आवाज आत घेणारा मोड त्या हेडसेटला आहे. मी सांगणार तेवढ्यात टेबलाखालून माझ्या पायावर पाय पडला.