फासकी

"त्याच्या गळ्यात पट्टा घातलाय का गं?" मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारलं.

सकाळचे सात वाजून गेले होते. झांबियातल्या साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात, नदीच्या एका सुकलेल्या वळणाकाठी, महोगनीच्या सावलीत चितकबरे रानकुत्रे आडवे झाले होते. पहाटेची शिकार नुकतीच आटोपलेली, तोंडं अजून लाल. गाइडने मोजले, मी मोजले, मग गाडीतल्या सगळ्यांनी मोजले. अकरा. दोन दिवस ज्यांच्यासाठी धूळ खाल्ली ते तीस पावलांवर एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपायच्या तयारीत होते.

"संशोधक रेडिओ कॉलर घालतात, तीच असेल," मी म्हणाले. पण कॉलर चांगली तीन बोटं रुंद असते. काकूंनी दाखवलेल्या कुत्र्याच्या मानेवर नुसती रेघ होती, जशी भांगाची असते. गाइडने दुर्बीण डोळ्यांना लावली ती बराच वेळ खाली घेतली नाही.

"तार आहे," तो म्हणाला.

आमच्यात बारावी झालेला एक मुलगा होता, वडिलांची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन आलेला. त्याने फोटो काढून पडद्यावर मोठा केला आणि कॅमेरा न बोलता माझ्याकडे दिला. तार कातड्यावर नव्हती, कातड्याच्या आत होती. जबड्याखाली वीतभर मोकळं टोक लोंबत होतं. दोन्ही बाजूंनी मांस सुजून वर आलेलं, आणि त्या सुजेवर माश्या बसलेल्या.

मी चंद्रपूरची. वडील वनरक्षक होते. गस्तीवरून येताना त्यांच्या पिशवीत कधी कधी फासक्या असायच्या, बहुतेक मोटारसायकलच्या क्लच वायरच्या. रानडुकरासाठी, सशासाठी लावलेल्या. अंगणात बसून ते त्या पकडीने तोडायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. पुढे अकरा वर्षं मी टूर लीडर म्हणून लोकांना जंगलं दाखवली, ताडोबा, कान्हा, मग आफ्रिका. पण जिवंत जनावराच्या गळ्यात रुतलेली फासकी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मराठी माणूस आफ्रिकेत जातो तो बहुतेक केनिया-टांझानियाला. लुआंग्वा फारसं कुणाच्या यादीत नसतं. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लुसाका, मग छोट्या विमानाने म्फुवे, एवढा खटाटोप करावा लागतो. पण 9,050 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात केनियातल्या मसाई मारासारखी गाड्यांची जत्रा नाही. नदीवर मोठं धरण नाही, त्यामुळे ती दर पावसाळ्यात वाट बदलते आणि जुन्या वळणांची तळी मागे टाकून जाते. ऑक्टोबरमध्ये ही तळीही आटतात, पाणघोडे उरल्यासुरल्या डोहांत एकमेकांना रेटत पडलेले असतात, आणि प्रत्येक जनावराला पाण्याशी यावंच लागतं. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीतली टूर इथे आणते. उकाडा भयंकर असतो, हे पैसे भरण्याआधीच सगळ्यांना सांगते.

लॉज महागडे आहेत. माणशी दिवसाला पाचशे डॉलरपासून हजारापर्यंत, काही त्याच्याही वर. नदीकाठी सहा-आठ तंबू, आत पलंग, बाहेर उघड्यावरची न्हाणी, पहाटे पाचला शेकोटीपाशी चहा. 1950 साली नॉर्मन कार आणि कुंडा लोकांचे प्रमुख न्सेफू यांनी मिळून इथे पाहुण्यांसाठी पहिला कॅम्प उघडला तेव्हा त्यातलं उत्पन्न गावाला मिळावं असं ठरलं होतं. आजही इथले बरेच लॉज पाहुण्यामागे दर रात्री ठरावीक रक्कम संवर्धनासाठी बाजूला काढतात. हे मी प्रत्येक टूरच्या आधी, पुण्याच्या बैठकीत सांगते. लोक माना डोलावतात. त्या रकमेचं पुढे काय होतं ते मात्र मीही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गाइडने रेडिओवरून कळवलं. उत्तर आलं की पशुवैद्यक खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत, यायला दुपार होईल. कुत्र्यांवर नजर ठेवता येईल का?

हा प्रश्न आमच्यासाठी होता. रानकुत्र्यांचा कळप उठला की दिवसात दहा-पंधरा किलोमीटर सहज तोडतो, आणि या कळपात कुणालाच रेडिओ कॉलर नव्हती. आम्ही हललो तर हे अकरा पुन्हा कधी सापडतील याचा भरवसा नाही. तोवर तार रोज थोडी आत जाणार, कारण फासा सैल पडत नाही, नुसता आवळतो.

गाइड माझ्याकडे पाहत होता. गाडी लॉजची असली तरी माणसं माझी होती.

मी सगळ्यांना मराठीत, काही न लपवता सांगितलं. बसायचं तर इथेच, बहुधा संध्याकाळपर्यंत. बिबट्या दिसणार नाही. पोहायचा तलाव नाही, दुपारची झोप नाही. एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, उद्या आपण निघणार. माझा बिबट्या राहिलाय. मी त्यासाठीच आलोय." त्यांचं खोटं नव्हतं. लुआंग्वा बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि माहितीपत्रकात बिबट्याचा फोटो मीच घातला होता. मी लॉजवरून दुसरी गाडी मागवली. ते, त्यांच्या पत्नी आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या एक बाई त्या गाडीने गेल्या. बाईंची काळजी होती, पण लॉजच्या मॅनेजरने मला रेडिओवर शब्द दिला, आणि दर तासाला कळवलंही. परत आल्यावर त्या गृहस्थांनी ऑफिसकडे तक्रार केली आणि मला लेखी खुलासा मागितला गेला. काय घडलं ते सगळं मी लिहिलं. दिलगिरी लिहिली नाही.

आम्ही सहा जण आणि गाइड, एवढे उरलो.

दहानंतर ऊन असं काही उतरलं की गाडीच्या लोखंडाला हात लागेना. त्से त्से माश्या जीन्समधूनही चावत होत्या. इथल्या पाहुण्यांना निळे-काळे कपडे घालू नका म्हणतात ते त्यांच्याचसाठी. आडोशाला जायचं म्हटलं की गाइड आधी वारुळाची मागची बाजू पाहून यायचा, मग आम्ही बायका जोडीने जायचो. काकूंनी फराळाचा डबा उघडला. गाइडने चकली मोडून आतली नळी निरखली, खाल्ली, आणि दुसरी मागून घेतली.

जेवणाच्या टोपलीत पाव, उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी होती. काकूंनी तेव्हा विचारलं, मी भाषांतर केलं: "ही फासकी लावणाऱ्याच्या घरी काय शिजत असेल?"

गाइडने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "न्शिमा." मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तिकडचं रोजचं जेवण. "आणि तार लागली तर इम्पाला हरणाचं मांस. माझे मामा लावायचे. कुंपणाची तार, टायर जाळून निघते ती तार. त्यांना कुत्रा नको होता, कुणालाच नको असतो. पण तार काही विचारत नाही." मग त्याने बरणी उचलून तिच्यावरचं नाव दाखवलं, इट्स वाइल्ड. कोमाको नावाची संस्था हे विकते. तार आणि बंदूक जमा करायची, शेती शिकायची, मधमाश्या पाळायच्या, आणि शेंगा, मध, तांदूळ संस्थेने चांगल्या भावाने घ्यायचे, असा तो व्यवहार. "मामांच्या शेंगा यातच जातात," तो म्हणाला. काकूंनी बरणी हातात घेतली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहत बसल्या.

त्या सहा-सात तासांत मी कळप पाहिला तसा एरवी कधी पाहिला नसता. एरवी आपण दहा मिनिटं थांबतो, फोटो घेतो, पुढे. आपल्याकडचे रानकुत्रे, म्हणजे कोळसून, एकरंगी तांबूस. हे काळे, पिवळे, पांढरे, आणि प्रत्येकाच्या अंगावरचे डाग वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. पुढच्या पायाला चारच बोटं. कान बशीएवढे, आणि झोपेतही ते फिरत राहतात. जखमी कुत्रा कळपाच्या कडेला होता, पण एकटा नव्हता. एक मादी दोनदा उठून त्याच्यापाशी आली आणि त्याची मान चाटली. तिने मान चाटली की तो डोळे मिटायचा.

गाइड म्हणाला, जखमीला हे टाकून जात नाहीत, मागे राहिला तरी खायला मिळतं. जगात हे रानकुत्रे साडेसहा हजारांच्या आसपास उरलेत, आणि झांबियातले सर्वांत जास्त याच खोऱ्यात. शिकारीसाठी एवढा मुलूख तुडवतात म्हणूनच तारांमध्ये सापडतात.

एकच्या सुमारास पशुवैद्यकांची गाडी आली. सरकारी वन्यजीव विभागाचे डॉक्टर, मांसभक्षी प्राण्यांवर काम करणाऱ्या झांबियन कार्निव्होर प्रोग्रॅम या संस्थेचे दोघे, आणि कन्झर्व्हेशन साउथ लुआंग्वा या संवर्धन संस्थेचे स्काऊट, म्हणजे गस्तीची माणसं. मला वाटलं, आता लगेच. डॉक्टरांनी तापमान पाहिलं, 41 अंश, आणि मान हलवली.

भूल दिलेल्या जनावराला धापा टाकून अंग गार करता येत नाही. या उन्हात झोपवलं तर तारेतून सुटेल आणि तापाने जाईल. थांबायचं तर चार-सव्वाचारपर्यंत. पण पाचच्या पुढे कळप शिकारीला उठतो. म्हणजे हातात जेमतेम तासभर, त्यात भुलीचा डार्ट, तार, भुलीवरचा उतारा, आणि शुद्धीवर येऊन तो कळपाबरोबर जाण्याइतका सावरणं. नाहीतर अंधारात, लडखडत, एकटा. आणि हा मुलूख तरसांचा आणि सिंहांचा.

डॉक्टरांनी आमच्या गाडीतल्या लेन्सवाल्या मुलाकडे कुत्र्याच्या दोन्ही कुशींचे फोटो मागितले. डागांवरून त्यांच्या नोंदवहीत कुत्रा ओळखता येतो. आमची गाडी शंभर पावलं मागे घेतली.

चार वाजून वीस मिनिटांनी आवाज झाला, फट्, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. कुत्रा उडाला, मांडीकडे वळून पाहिलं, चार पावलं पळाला. सगळा कळप उठला. माझ्या पोटात गोळा आला, गेले हे आता. पण ते दूर गेले नाहीत. त्यांनी त्याच्याभोवती फेर धरला, हुंगलं, आणि पक्ष्यांसारखा किलबिलाट सुरू केला. सात-आठ मिनिटांत त्याचे मागचे पाय गळाले. डॉक्टरांची गाडी हळूहळू पुढे सरकली तसा कळप चाळीसेक पावलं मागे हटला आणि बसून राहिला.

मग त्यांनी आम्हाला दोघादोघांनी येऊ दिलं. बोलायचं नाही, पाणी घेऊन यायचं. डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. एक जण पंजांवर आणि जांघेत पाणी ओतत होता, दुसरा दर थोड्या वेळाने थर्मामीटर लावून आकडा पुटपुटत होता. डॉक्टरांनी आधी लोंबतं टोक पकडीने तोडलं. मानेतली तार मात्र दिसतच नव्हती. त्यांनी बोटाने चाचपत एक जागा शोधली, तिथे पकडीची चोच आत घातली आणि दाबली. कट्. तार एकदम सुटली नाही. ती इंच इंच सोडवावी लागली, आणि प्रत्येक इंचाबरोबर पू आला. वास असा की मुलगा दोन पावलं मागे गेला, पण पाण्याची बाटली त्याने सोडली नाही.

तार निघाली ती एवढीशी होती, माझ्या वडिलांनी तोडलेल्या क्लच वायरइतकीच जाड. डॉक्टरांनी ती एका पिशवीत घालून तारीख आणि जागा लिहिली. जखम धुतली, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, फडकं सोडलं, उतारा टोचला आणि सगळे गाड्यांत परतलो. पाचला आठ मिनिटं कमी.

आधी कान हलला. मग डोकं वर, पुन्हा खाली. कळपातली ती मादी सर्वांत आधी आली. तिने मान हुंगली आणि जखमेला तोंड लावलं. तो उभा राहिला, पुढचे पाय फाकले, पडला, पुन्हा उठला. बाकीचे एव्हाना झाडाच्या पलीकडे निघाले होते. एकाने थांबून हू-हू अशी साद घातली, लांब, शेवटी खाली उतरणारी. मादी साद आली तिकडे गेली.

तो अजून तिथेच. सूर्य नदीपलीकडच्या झाडांना टेकला होता. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या. गाइड पुटपुटत मोजत होता. सुकलेल्या ओढ्याच्या पलीकडच्या चढावर कुत्रे एकामागून एक दिसू लागले. सात. आठ. नऊ. मादी मागे वळून उभी राहिली, दहा. ओढ्यात काही हललं, आणि चढावर एक जण आला, मान थोडी वाकडी धरून, पण दुडक्या चालीने.

रात्री तंबूत बसून ऑफिसचा रोजचा तक्ता भरला. बिबट्या, सिंह, हत्ती या रकान्यांत रेघा मारल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं: रानकुत्रे, सकाळी 11, संध्याकाळी 11.