'ग्लस' : एका आयरिश विशेषणाशी झालेली झटापट

"इस ग्लस ईअद ना क्निक अ वाद ऊअन." लांबचे डोंगर हिरवे. आपलं 'दुरून डोंगर साजरे' म्हणा ना! अर्थ लगेच कळला, व्याकरणापाशी मात्र मी अडले. 'क्निक' हे 'क्नोक'चं, म्हणजे टेकडीचं, अनेकवचन. मग 'ग्लस', म्हणजे 'हिरवा', एकवचनी कसं?

मराठीत 'हिरवा'सारखं विशेषण नामाच्या आधी असो की नंतर, ते बदलतंच: हिरवे डोंगर, डोंगर हिरवे आहेत. आयरिशमध्ये ते ('हिरवे डोंगर'सारखं) नामाला चिकटलं तरच बदलतं. 'टेकड्या हिरव्या आहेत' म्हणजे "ता ना क्निक ग्लस". विधानात लिंग, वचन काही पाहायचं नाही. म्हणीतही तेच, अनेकवचन 'ईअद' म्हणजे 'ते' दाखवतं. माझ्या पुस्तकात आधी रूपांचे तक्ते आणि शेवटी एका ओळीत हा नियम. तो सगळ्यात आधी यायला हवा. मराठी माणूस इथंच चुकणार आणि "ता ना क्निक ग़्लसा" लिहिणार.

नामाला चिकटलं की विशेषण नामानंतर येतं. पुल्लिंगी 'क्नोक ग्लस', स्त्रीलिंगी 'पार्क ग़्लस' (हिरवं कुरण). लिहिताना 'जी'नंतर 'एच' येतो, उच्चार 'ग़ज़ल'मधल्या ग़सारखा घशातून. षष्ठीत मात्र उलट: स्त्रीलिंगी 'पार्के ग्लशे' साधं होतं आणि पुल्लिंगी 'क्निक ग़्लश'मध्ये ग़ येतो. अनेकवचनात 'क्निक ग़्लसा', पण 'पार्कना ग्लसा'. अनेकवचनी नामाच्या शेवटी तालव्य, म्हणजे 'इ'कडे झुकणारं, व्यंजन असेल (जसा 'क्निक'मधला शेवटचा क) तरच ग़. इथं लिंग पाहू नका. म्हणून नाम पाठ करताना लिंगासोबत अनेकवचनही पाठ करा. तुलनेला 'नीस ग्लशे', म्हणजे 'जास्त हिरवं'.

अर्थाचं राहिलंच. 'ग्लस' हा झाडापाल्याचा हिरवा. रंगवलेल्या हिरव्याला 'ऊअने'. 1937च्या आयरिश संविधानात राष्ट्रध्वजाच्या हिरव्याला हाच शब्द आहे. पण 'कापल ग्लस' म्हणजे करडा घोडा आणि 'माजिन ग़्लस' म्हणजे गारठ्याची सकाळ, तेव्हा दर वेळी 'हिरवा' लिहू नका. आणि दाराबद्दलच्या वाक्यात 'ग्लस' दिसला तर आधी तो नाम आहे का बघा: ते कुलूप असतं.