आमच्या सोसायटीचा दाखवा

गावोगावच्या विकास सोसायट्या जिल्हा बँकेकडून कर्ज घेऊन शेतकऱ्यांना देतात. त्यांच्या सभासदांना आणि संचालकांना सहकाराचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. 2013 साली राज्याच्या सहकार कायद्यात कलम 24अ आलं आणि हे प्रशिक्षण बंधनकारक झालं. बंधनकारक झालं म्हणजे बॅनर आला, हजेरीपत्रक आलं, फोटो आला. सह्या झाल्या की निम्मी माणसं तंबाखू मळायला म्हणून उठतात ती परत येत नाहीत. उरलेल्यांपुढे आमचे काही व्याख्याते 1844 साली इंग्लंडात रॉचडेलला सहकारी दुकान काढणारे विणकर काढून बसतात. मग माणसं पेंगतात आणि आमच्या कार्यालयातले लोक म्हणतात, शेतकऱ्याला शिकायचंच नसतं.

तासगावकडचे द्राक्षवाले छाटणीच्या सल्ल्याला खाजगी सल्लागाराला पदरचे पैसे मोजतात. शिकायचं नसतं म्हणे!

अशाच एका गावात एका तात्यांनी सुरुवातीलाच ऐकवलं, “साहेब, ट्रेनिंग सचिवाला द्या. आमाला कर्ज कधी उचलायचं तेवढं सांगा.” मी फळ्यावर नमुन्याचा ताळेबंद मांडत होतो. डावीकडे देणी, उजवीकडे येणी. तात्या बघत होते. म्हणाले, “ह्यो कुणाचा? आमच्या सोसायटीचा दाखवा की.”

सचिव म्हणाले, दप्तर ऑडिटला गेलंय. ते नेहमीच गेलेलं असतं. पण वार्षिक सभेचा छापील अहवाल एकाच्या घरात निघाला. मी त्यातले दोनच आकडे एकाखाली एक लिहिले: सोसायटीनं जिल्हा बँकेला द्यायचं कर्ज आणि सभासदांकडून येणं कर्ज. देणं 19 लाखांनी जास्त. ह्याला अनिष्ट तफावत म्हणतात. अहवालात हा शब्द कुठेच नव्हता. तंबाखूवाले दारातून आत आले. आमच्या धंद्यात असं घडत नाही.

मग मी खुलून सांगितलं. सगळी तफावत चोरीची नसते. वसुलीतूनच पगार-भाडं भागवलं जातं, बँकेत कमी भरणा जातो. गेलेला भरणा बँक आधी व्याजात जिरवते, मुद्दल तसंच राहतं, त्यावर पुन्हा व्याज चढतं. काही ठिकाणी पैसे खाल्लेलेही असतात, पण ते खतावणी तपासल्याशिवाय कळत नाही. कलम 32 प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी फुकट पाहता येतात, हेही सांगितलं. तात्यांनी कलमाचा आकडा हाताच्या तळव्यावर लिहून घेतला. चेअरमन तोवर फोनवर बोलत बाहेर गेले होते.

मी गावातून परतायच्या आत तक्रार कार्यालयात पोचली होती. वरिष्ठ म्हणाले, “अभ्यासक्रमाला धरून बोलत चला.” अभ्यासक्रमात ‘ताळेबंद वाचन’ असा विषय छापलेला आहे. तो मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मुद्दल-व्याजाचं गणित, एकेका खात्याचा उतारा घेऊन, दुसऱ्या दिवशी करून घ्यायचं होतं. तो वर्ग रद्द झाला. आता गावात अर्धाच धडा पोचलाय आणि पारावर रोज एकेकाचं नाव घेतलं जातंय. ज्या सचिवाचा पगारही वेळेवर होत नाही, त्याचं नाव सगळ्यांत वर.

परवा तात्यांचा फोन आला. अर्ज दिलाय, पोच मिळत नाही. मी म्हटलं, स्पीड पोस्टानं पाठवा, आणि व्याजाचं म्हणाल तर...

“व्याजाचं राहू द्या साहेब,” तात्या म्हणाले, “खाल्ले कुणी तेवढं सांगा.”