पाठीवरची गाठ पिशवीसकट काढली

उजव्या खांद्याखाली सुपारीएवढी गाठ बरीच वर्षं होती. दुखत नव्हती, त्यामुळे ‘चरबीची असेल’ म्हणून घरात कोणी लक्ष दिलं नाही. या पावसाळ्यात मात्र ती लाल होऊन ठणकायला लागली. ठाण्याहून सकाळची लोकल पकडायची म्हणजे मागच्याचं कोपर नेमकं तिथंच.

नौपाड्यातल्या सर्जननी बघताक्षणी सांगितलं, ही चरबी नाही, सिबेशियस सिस्ट आहे, म्हणजे कातडीखाली तयार झालेली पिशवी. मधोमध बारीक काळा ठिपका दिसतो ती तिची खूण. आत केराटिन साचतं, केस आणि नखं ज्याची बनतात तेच प्रथिन. मला वाटलं, आजच चीर देऊन मोकळं करतील. ते म्हणाले, नुसता पू काढला तर पिशवी आतच राहते आणि गाठ पुन्हा भरते. सूज असताना पिशवी काढायला गेलं तर ती फाटते. म्हणून आधी अँटिबायोटिक, सूज पूर्ण उतरली की एक्सिजन, म्हणजे गाठ कापून काढणं. आमच्या मजल्यावरच्या काकांची गाठ दोनदा फोडूनही परत का आली, ते तेव्हा कळलं.

भूल तेवढ्या जागेपुरतीच, लिग्नोकेनची. इंजेक्शन चांगलंच चरचरतं. पुढे दुखत नाही, पण ओढाताण कळते आणि कॉटरीचा, म्हणजे रक्त थांबवायला डाग देतात त्या उपकरणाचा, जळका वास येतो. त्याची कल्पना आधी कोणी देत नाही. ठिपक्यासकट त्वचेचा लंबगोल तुकडा घेऊन त्यांनी पिशवी अख्खी बाहेर काढली आणि ट्रेमध्ये दाखवली. पांढुरकी, गुळगुळीत. मला बघायचीच होती.

मग ती पिशवी फॉर्मालिनच्या, म्हणजे काढलेला तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत घालून बायकोच्या हातात. “लॅबमध्ये देऊन या.” फ्रिजमध्ये ठेवायची का, असं तिनं विचारलं, तर नाही, बाहेरच ठेवायची. लॅबमध्ये तो तुकडा मेणात बसवून काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गाठ साधी दिसली तरी क्वचित वेगळं काही निघतं, म्हणून तपासणी टाळू नये असं माझं मत. रिपोर्टवर ‘एपिडर्मल इन्क्लुजन सिस्ट’ आलं. सर्जन म्हणाले, तीच ती, काळजीचं काही नाही.

पाठीची कातडी सारखी ताणली जाते, म्हणून तिथले टाके चेहऱ्यापेक्षा उशिरा, साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर सॅक बंद. आणि खर्च विचारताना लॅबचे पैसे त्यात धरलेत का, तेही विचारा. आमच्याकडे ते वेगळे लागले.