सात वर्षांनंतर पुन्हा तीच पिकअप घेईन का?

दसऱ्याच्या आठवड्यात माझा पुतण्या घरी आला होता. सासवडजवळ त्याची अंजिराची बाग आहे आणि माझ्यासारखीच चार दारांची डबल कॅब पिकअप घेण्याचे त्याने जवळजवळ निश्चित केले होते. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी त्याने मला विचारले, "काका, आज नव्याने घ्यायची झाली, तर तुम्ही हीच गाडी घ्याल का?" मी लगेच "हो" म्हणालो. तो गेल्यानंतर मात्र हे उत्तर मला नीट वाटेना. ज्या माणसाने एखाद्या वाहनात आपली मोठी रक्कम घातलेली आहे, त्याच्याकडून "हो" येणारच. त्यात वाहनाविषयी किती आणि आपल्या जुन्या निर्णयाच्या समर्थनाविषयी किती, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून मी गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदींच्या माझ्या वह्या काढल्या आणि गेले दोन आठवडे सवडीने त्या वाचून काढल्या.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पुण्यात राहतो आणि दापोली तालुक्यात आमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. ताम्हिणीमार्गे माणगाव, आंबेत, मंडणगड असे गेले की अंतर दोनशे किलोमीटरच्या आतच राहते, पण त्यातला बराच भाग घाटाचा आणि वळणांचा आहे. मी २०१८ साली चार दारांची, मागे उघडा हौदा असलेली, चारही चाकांना जोर देता येणारी डिझेल पिकअप घेतली. तिचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बहुतेक एका कंपनीच्या नसून या घडणीच्या वाहनांच्या आहेत.

या घडणीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ साली आणलेली टाटामोबाईल ही पिकअपच होती आणि तिच्याच पायावर पुढे सिएरा व सुमो उभ्या राहिल्या. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटांची झेनॉन येऊन गेल्या. २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आंध्र प्रदेशातील श्रीसिटीच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ३३.९९ लाख रुपये होती. तरीही शेतकऱ्याच्या अंगणात दिसते ती प्रामुख्याने बोलेरो पिकअप, आणि कुटुंबाच्या अंगणात दिसते ती मोटार. या दोन्हींच्या मधली गाडी घेणारे आम्ही थोडेच आहोत. त्यामुळे "परत घ्याल का" हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो.

वहीकडे वळतो. प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर, डिझेल आणि हौद्यात काय होते, एवढे मी लिहून ठेवतो. २०२४ या वर्षात हौद्यात खरोखर ओझे होते असे ६१ दिवस निघाले. त्यांतले ३४ दिवस मार्चअखेर ते मेअखेर या काळातले, म्हणजे आंब्याच्या हंगामातले. उरलेले खत, औषधफवारणीचे सामान, पाण्याचे ड्रम, कुंपणाच्या तारा यांचे. वर्षातले उरलेले तीनशे दिवस ही गाडी एक तर उभी होती किंवा रिकामा हौदा घेऊन फिरत होती. ६१ हा आकडा वाचून मी बराच वेळ बसून राहिलो, कारण वही न बघता कोणी मला विचारले असते तर मी शंभराच्या वर सांगितले असते.

रिकामा हौदा हा या गाडीचा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचे कारण तिच्या पाट्यांत आहे. मागच्या धुरीला पोलादी पाटे जोडलेले असतात; ते ओझे पेलण्यासाठी बसवलेले असतात आणि ओझे नसेल तेव्हा ते वाकतच नाहीत. मागे दोनशे-तीनशे किलो असले की गाडी रस्त्याला धरून, संथपणे चालते. तेवढे वजन उतरवले की प्रत्येक खड्ड्यावर मागचा भाग उसळतो आणि पावसाळ्यात घाटातल्या शेवाळलेल्या वळणावर मागची हलकी चाके घसरू पाहतात. अशा ठिकाणी चारही चाकांचा जोर कामी येतो, पण तोही जपून वापरावा लागतो : पुढच्या आणि मागच्या धुरींमध्ये फरक सामावून घेणारी यंत्रणा नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना तो चालू ठेवला, तर सगळा ताण गिअरवर आणि टायरवर येतो. हे मला विकणाऱ्याने सांगितले नव्हते. गाडीच्या पुस्तिकेत वाचले आणि वाचले म्हणून वाचलो.

मागच्या आसनाविषयी सर्वांत स्पष्टपणे लिहायला हवे, कारण तिथे मी बसत नाही. हौद्याला जागा द्यायची म्हणून केबिन आखूड ठेवलेली असते आणि मागच्या आसनाची पाठ त्यामुळे जवळजवळ सरळ उभी राहते. माझी आई ७८ वर्षांची आहे. पायरीवर पाय ठेवून, वरची मूठ धरून चढणे तिला पहिल्या तीन वर्षांत जमत होते. आता जमत नाही. दापोलीला पोहोचेपर्यंत तिची कंबर आखडते. गेल्या दिवाळीला ती म्हणाली, "मला एसटीने पाठव, तिथे पाठ तरी टेकता येते." तिने हे रागाने म्हटले नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. पत्नी सात वर्षे काही बोलली नाही, पण लांबच्या प्रवासाला ती पुढच्याच आसनावर बसते आणि मुलगी मागे. हे आसन माझ्या पहिल्या "हो"मध्ये कुठेच नव्हते.

लांबीचा त्रास शहरात रोजचा आहे. या वर्गातल्या गाड्या सव्वापाच मीटरच्या पुढे जातात आणि आमच्या सोसायटीत आखलेली जागा पाच मीटरची आहे. शेजाऱ्याने सात वर्षे समजुतीने घेतले, ही त्याची सज्जनता. टोलनाक्यावर खासगी वाहनाची पांढरी पाटी असूनही मालवाहू वाहनाचा दर लावला जाणे आणि त्यावर कागद काढून बोलत बसणे, हेही वर्षातून दोन-तीनदा होते. एकदा मागच्या दिव्याचा संच फुटला, तेव्हा सेवा केंद्राकडून तो मिळायला पाच आठवडे लागले आणि ऐन एप्रिलमध्ये मी दिवसाउजेडीच प्रवास करत राहिलो. जी गाडी थोड्यांकडे असते, तिचे सुटे भागही थोड्याच ठिकाणी असतात. घेताना हे गृहीत धरायला हवे.

आता दुसरी बाजू. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार अशी सूचना आली, तेव्हा झाडांवर उतरवण्याजोगा माल शिल्लक होता. तालुक्यातला प्रत्येक बागायतदार त्या दोन दिवसांत टेम्पो शोधत होता आणि भाड्याने एकही वाहन मिळत नव्हते. आम्ही जेवढे आंबे उतरवता आले तेवढे उतरवले, क्रेट हौद्यात लावले, ताडपत्री ओढून दोर आवळले आणि रात्री साडेअकराला निघून पहाटे पुण्यात पोहोचलो. आदल्या वर्षी जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने आमची चाळीसहून अधिक झाडे आडवी केली होती. तेव्हा रस्त्यावर पडलेल्या फांद्या बाजूला ओढायला, तेल-तांदूळ आणि पत्रे वाडीपर्यंत न्यायला ही गाडी सलग बारा दिवस चालली. माझ्या वहीत त्या बारा दिवसांसमोर फक्त किलोमीटर लिहिले आहेत, हौद्याचा रकाना कोराच आहे, कारण लिहायला वेळ नव्हता. असे दिवस सरासरीत बसवता येत नाहीत.

तरीही खर्चाचा हिशेब टाळता येत नाही. नाशिककडचा माझा एक द्राक्ष बागायतदार मित्र आहे. त्याने अशीच गाडी चार वर्षे वापरून विकली. त्याचे म्हणणे असे की, द्राक्षांचा माल व्यापाऱ्याच्या गाडीतून जातो, खते दुकानदार पोहोचवतो, आणि उरलेल्या वीस-पंचवीस फेऱ्यांसाठी गावातला पिकअपवाला फोनवर येतो. त्याने कुटुंबासाठी साधी मोटार घेतली आणि तो समाधानी आहे. त्याचा हिशेब मी माझ्या वहीवर लावून पाहिला. हंगामातल्या ३४ फेऱ्यांचे भाडे आणि इतर दिवसांचे किरकोळ भाडे धरले, तरी ते माझ्या गाडीच्या विम्यापेक्षा, देखभालीपेक्षा आणि दरवर्षी घटणाऱ्या किमतीपेक्षा कमीच भरते. पैशांपुरते त्याचे बरोबर आहे आणि ते मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

मात्र या हिशेबात एक गोष्ट सुटते. गाडी घेण्यापूर्वी आमची बाग कराराने दिलेली होती. मोहोर येण्याआधीच सौदा व्हायचा आणि आंबा कोणाच्या घरी गेला, हे आम्हांला कळतही नसे. गाडी दारात आली, म्हणून आम्ही पहिल्या वर्षी दहा झाडे स्वतःकडे ठेवली, पुढच्या वर्षी तीस, आणि आता सगळी बाग आम्हीच पाहतो. पुण्यातली शंभराच्या आसपास घरे आमच्याकडून थेट पेट्या घेतात. म्हणजे ६१ दिवसांचे जे काम ही गाडी करते, त्यातले निम्म्याहून अधिक काम तिच्यामुळेच निर्माण झाले आहे. मालकाला "परत घ्याल का" असे विचारताना आपण धरून चालतो की, त्याची गरज जागच्या जागी राहिली आणि गाडी तेवढी जुनी झाली. माझ्या बाबतीत गाडीने माझी गरजच बदलली.

म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून स्वतःला विचारला : आज रात्री ही गाडी चोरीला गेली आणि विम्याचे पैसे हातात आले, तर उद्या सकाळी मी काय घेईन? मी पुन्हा पिकअपच घेईन. नवीन मात्र घेणार नाही. मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या आणि त्यांच्याबरोबर जुन्यांच्याही उतरतील. तीन-चार वर्षे वापरलेली, नीट सांभाळलेली गाडी मला पुरेल. शिवाय बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, तिची सफाई होण्यासाठी गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. माझ्या दापोलीच्या फेऱ्यांत ते सहज होते, पण केवळ शहरात वापरणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. आणि उरलेल्या पैशांत मी आईसाठी एक लहान, खाली बसकी, सहज चढता येईल अशी मोटार घेईन. एका गाडीत सगळे भागेल, या कल्पनेने मी २०१८ साली पैसे भरले होते. ती कल्पना मी आता सोडली आहे. गाडी सोडलेली नाही.

पुतण्याला मी पुन्हा फोन केला आणि माझे "हो" त्याच्यासाठी नाही, असे सांगितले. कारण त्याचे फळ वेगळे आहे. हापूसचे पंधरा क्रेट म्हणजे तीनशे किलो. त्या वजनाने पाटे बसतात आणि आंबा सुखरूप येतो. अंजीर नाजूक आणि हलके, छोट्या खोक्यांतून जाणारे. हौदा भरला तरी वजन भरत नाही, आणि कमी वजनावर उसळणाऱ्या हौद्यात दिवे घाट उतरून मार्केट यार्डापर्यंत अंजिराची काय अवस्था होईल, ते मला त्याला सांगावे लागले नाही. त्याच्या वाडीत पहाटे सगळ्यांचा माल उचलणारा टेम्पो येतो, हेही त्यानेच सांगितले. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून बघ, त्यातून बसणाऱ्या माणसांचे वजन आणखी वजा कर आणि मग उरते ते ओझे तुला पुरेल का ते पाहा, असे मी त्याला म्हणालो. देखण्या डबल कॅब गाड्यांत हा आकडा साध्या पिकअपपेक्षा बराच कमी निघतो आणि विक्री करणारे तो आपण होऊन सांगत नाहीत.

त्याने बुकिंग थांबवले आहे. येत्या रविवारपासून महिनाभर माझी गाडी त्याच्याकडे राहील आणि सोबत एक कोरी वही. तारीख, किलोमीटर, हौद्यात काय होते आणि मागे कोण बसले होते, असे चार रकाने मी आखून दिले आहेत. चौथा रकाना माझ्या वहीत नव्हता.