बाई, तुम्हाला अमेरिकेच्या जर-तरचं एवढं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल वेगळा लागला असता तर काय झालं असतं, हे मी वहीत मांडत बसते, त्याबद्दल तुम्ही विचारताय. तसं हे मला बरेच जण विचारतात. शाळेतले जुने विद्यार्थी विचारतात, शेजारच्या वहिनी विचारतात, आणि दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की न्यू जर्सीतला माझा भाचा फोनवर विचारतो. "मावशी, लागायचा तो निकाल लागला. हा पडला नसता तर, तो आला असता तर, हे करत बसून काय मिळतं? आत्याबाईला मिशा असत्या तर..." ती म्हण मी त्याला पुरी करू देत नाही.

माझं उत्तर सुरू होतं तालुक्याच्या एका धान्याच्या गोदामात. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि शिक्षक म्हटला की निवडणुकीचं काम चुकत नाही. मतदान यंत्रं यायच्या आधीची, नव्वदच्या दशकातली मतमोजणी. माझ्या टेबलावर एक मतपत्रिका आली, तिच्यावर दोन फुल्या. एका चिन्हासमोर ठळक, दुसऱ्यासमोर फिकी. जाळीपलीकडून दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी ओरडायला लागले. एक म्हणे बाद करा, दुसरा म्हणे आमचं आहे. साहेब आले, त्यांनी पत्रिका तिच्या मूळच्या घडीवर अलगद दुमडली. फिकी फुली ठळक फुलीवर बरोब्बर जाऊन बसली. मतदाराने शिक्का मारला आणि शाई ओली असतानाच घडी घातली, एवढंच झालं होतं. मत वैध. आपल्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे: कौल कुणाला हे स्पष्ट दिसत असेल, तर खूण पुसट आहे किंवा दोनदा उमटली आहे एवढ्यावरून मत बाद करायचं नाही. त्या मतदारसंघात विजयी उमेदवार हजारोंनी पुढे होता, त्या कागदाने काही बदललं नाही. पण त्याच्यावर घालवलेली पाच मिनिटं मला कधी वाया गेलेली वाटली नाहीत.

मग नोव्हेंबर २००० मध्ये, अमेरिकेत बुश की गोर हे ठरायचं होतं तेव्हा, वर्तमानपत्रात एक फोटो आला. फ्लोरिडातला एक न्यायाधीश, डोळ्याशी भिंग, हातात उजेडाकडे धरलेलं मतदानाचं कार्ड. अंगावर शहारा आला. हे तर आमचं गोदाम!

तिथे तेव्हा कार्डावर सुई दाबून भोक पाडायचं अशी पद्धत होती. सुटून पडणारा तुकडा टिकलीएवढा, त्याला चॅड म्हणतात. कुठे तो एका कोपऱ्याला लोंबकळत राहिलेला, कुठे सुटलाच नव्हता, नुसता फुगला होता. यंत्र अशी मतं मोजत नव्हतं. आणि तिथल्या कायद्यातही शब्द तोच: मतदाराचा हेतू.

पाम बीच परगण्यातली गोष्ट तर मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायची. उमेदवार दहा. सगळी नावं एका पानावर घेतली तर अक्षर बारीक होतं, आणि तिथे म्हातारी माणसं पुष्कळ. म्हणून तिथल्या निवडणूक अधिकारी बाईंनी अक्षर मोठं घेतलं आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली, भोकांची ओळ मधोमध. डावीकडे पहिलं नाव बुश, दुसरं अल गोर. पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं. गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन यांना त्या एका परगण्यात ३,४०७ मतं पडली, फ्लोरिडातल्या कुठल्याही परगण्यापेक्षा जास्त. गोर यांना मत देतोय असं समजून कुणी चुकून मला दिलं असेल हे सहज पटतं, असं ते स्वतःच टीव्हीवर म्हणाले. शिवाय दोन-दोन भोकं पडलेली एकोणीस हजारांच्या वर कार्डं बाद झाली. आणि अख्ख्या फ्लोरिडात, सुमारे ६० लाख मतांत, बुश यांची आघाडी ५३७.

ज्या बाईंनी म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून अक्षर मोठं केलं, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता अमेरिकाच का? आपल्याकडे जर-तर काय कमी आहेत? पानिपत शिकवताना दर वर्षी एक हात वर व्हायचाच: "बाई, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?" आणि मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "तर इंग्रज आलेच नसते!" मला तो मुलगा आवडायचा. पण पानिपत १७६१चं, प्लासी १७५७ची. इंग्रज बंगालात पाय रोवून बसलेच होते. आपला 'जर' दुखऱ्या जागेचा आहे. त्याला हात लावला की आपण थेट दिल्लीच्या तख्तावर जाऊन बसतो. अमेरिकेच्या बाबतीत मन शांत राहतं, आणि तिथे परगण्या-परगण्याचे आकडे लिहिलेले आहेत. वर त्यांची रीत अशी, की जवळजवळ प्रत्येक राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी निर्वाचक मतं, आणि राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच मतांवर. एकूण ५३८, जिंकायला २७०. त्यामुळे फ्लोरिडा हातचं गेलं आणि देशभरात गोर यांना ५ लाखांहून जास्त मतं अधिक पडूनही ते हरले. ज्या खिळ्यावर सगळं टांगलेलं असतं, तो खिळा तिथे बोट ठेवून दाखवता येतो.

बोट ठेवलं की कळतं, काही खिळे खोटेच आहेत. १८६० मध्ये लिंकन यांना ४० टक्क्यांहून कमी मतं होती, विरोधक तिघांत फुटले होते. ते एक झाले असते तर लिंकन हरले असते, असं सर्रास म्हणतात. राज्यवार बेरीज करून पाहा: तिघांची मतं एकत्र केली तरी लिंकन यांच्या हातून कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि न्यू जर्सीतली काही मतं जातात, बहुमत राहतंच. १९६० चंही तसंच. केनेडी शिकागोच्या जोरावर निवडून आले म्हणतात, पण शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयची २७ मतं काढून घेतली तरी ३०३ मधून २७६ उरतात आणि तेव्हा २६९ पुरेशी होती. त्यांचे प्रतिस्पर्धी निक्सन यांना जिंकायला इलिनॉयबरोबर टेक्ससही लागलं असतं.

म्हणून माझा 'जर' लहान असतो, आणि 'तर' मी त्याहून आखूड ठेवते.

गोर राष्ट्राध्यक्ष झाले असते तर? हवामान बदलाचा क्योटो करार अमेरिकेने मंजूर केला असता, असं लोक लगेच म्हणतात. नसता केला. १९९७ मध्ये सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की विकसनशील देशांवर बंधनं नसलेला करार आम्हाला चालणार नाही. गोर यांनी ते सिनेटर कुठून बदलले असते? इराकचं युद्ध मात्र झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. सप्टेंबर २००२ मध्येच त्यांनी जाहीर भाषणात त्याला विरोध केला होता. पण त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभे राहिलेले लीबरमन त्या युद्धाच्या बाजूचे होते, हेही मी वहीत शेजारीच लिहून ठेवलंय. आपल्या सोयीचा कागद वर आणि गैरसोयीचा खाली, असं करायचं नाही.

माझ्या स्वतःच्या आयुष्याला लागून गेलेला एक 'जर' आहे. १९७१ चा डिसेंबर, पाकिस्तानशी युद्ध चालू, मी मुंबईत आत्याकडे होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. खळीचा वास अजून आठवतो. अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय ही बातमी आली तेव्हा आत्या नुसती बसून राहिली. तीन वर्षांपूर्वी, १९६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, निक्सन यांनी हम्फ्री यांना सव्वासात कोटींहून अधिक मतांत जेमतेम ५ लाखांनी मागे टाकलं होतं. हम्फ्री आले असते तर ते आरमार निघालं असतं का? मला वाटतं, नाही. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान यांना सांभाळून त्यांच्यामार्फत चीनचं दार उघडायचा तो डाव निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांचा होता. त्याच जुलैत किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते. पण ढाक्यात जे झालं ते बहुधा झालंच असतं. जवळपास एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले होते, मुक्तिवाहिनी लढत होती. यात हम्फ्री यांनी काय बदललं असतं? आत्याची ती एक संध्याकाळ मात्र बदलली असती.

फ्लोरिडाची शेवटची गोष्ट राहिली. निकालानंतर वर्षभराने, मोठ्या वृत्तसंस्थांनी मिळून न मोजलेली सुमारे १ लाख ७५ हजार कार्डं तपासून घेतली. गोर यांनी चारच परगण्यांची फेरमोजणी मागितली होती. ती पुरी झाली असती तरी बुशच जिंकत होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला मोजणीवर पडदा टाकला नसता तरीही बहुधा तेच. पण राज्यातलं प्रत्येक बाद कार्ड, दोन भोकांचीसुद्धा, हेतू पाहून मोजलं असतं, तर गोर दोनशेहून कमी मतांनी पुढे जात होते. आणि ते न्यायालयात कुणी मागितलंच नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मला साहेबांनी दुमडलेली ती मतपत्रिका आठवली, आणि रात्री नीट झोप लागली नाही.

तर भाचेबुवा विचारतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर व्हाइट हाऊस नसतं. पाम बीचच्या केंद्रात उभी असलेली माझ्याएवढीच एक बाई असते. तिने दुसरं भोक पाडलंय आणि चूक तिच्या लक्षात आलीय. पेटीत टाकण्याआधी कार्ड परत केलं तर नवं मिळायची सोय तिथे होती. ती रांगेतल्या लोकांना ओलांडून टेबलापाशी जाते, म्हणते, "माझं चुकलं, दुसरं द्या." नवं कार्ड घेऊन परत येते, चष्मा सारखा करते, आणि सुई एक भोक खाली नेते.