आईच्या मापाचा कोट

माझी मैत्रीण इथे ऑक्सफर्डला नर्स आहे. तिचे आई-बाबा डिसेंबरात साताऱ्याहून येताहेत, तेही पहिल्यांदाच. बाबांच्या जाकिटाची सोय झाली, पण आईचं अडलं होतं. साताऱ्याची थंडी अंगवळणी पडलेल्या माणसालाही इथला डिसेंबर जड जातो. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि ओला वारा स्वेटरच्या विणीतून थेट आत शिरतो. त्याला जाड लोकरी कोटच हवा. नवा घ्यायचा तर सहसा १००-१५० पौंडांच्या घरात जातो, आणि आई राहणार सहा आठवडे. म्हणून गेल्या शनिवारी आम्ही दोघी जुन्या कपड्यांच्या दुकानांत शोधायला निघालो.

इथे त्यांना ‘चॅरिटी शॉप’ म्हणतात. लोक नको असलेल्या वस्तू आणून देतात, दुकानात बहुतेक स्वयंसेवक असतात आणि विक्रीचे पैसे संस्थेच्या कामाला जातात. ऑक्सफर्डचा तर या प्रकाराशी जुना संबंध आहे. ऑक्सफॅम ही संस्था इथेच १९४२ साली स्थापन झाली, ग्रीसमधल्या उपासमारीत मदत पोचवण्यासाठी. त्यांचं पहिलं दुकान १९४७ मध्ये इथल्याच ब्रॉड स्ट्रीटवर निघालं. देणारा आयकर भरत असेल तर ‘गिफ्ट एड’ म्हणून सरकार विक्रीच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला वर २५ पेन्स देतं. मला ही पद्धत मनापासून आवडते. माझ्या घरातली निम्मी भांडी आणि सगळे पडदे असेच आलेत.

मैत्रिणीने मात्र कोट जुना असणार हे आईला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे मामेबहिणीचा फ्रॉक वापरायला कुणाची हरकत नसते, पण परक्याच्या अंगावरून उतरलेलं घालायचं म्हटलं की घरातल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. जुने कपडे बोहारणीला द्यायचे आणि पातेलं घ्यायचं. कपडे घरातून बाहेर जातात, बाहेरचे आत येत नाहीत. “आधी चांगला मिळू दे, मग सांगेन,” ती म्हणाली. फोनमध्ये तिच्याकडे आईच्या शिंप्याने लिहून दिलेल्या मापांच्या कागदाचा फोटो होता. छाती ४२, बाही २०, खांदा १५. खाली शिंप्याने आपणहून लिहिलं होतं, ‘आत स्वेटर धरून सैल घ्यावा.’

आम्ही समरटाउनला गेलो. शहराच्या उत्तरेची ती सधन वस्ती. श्रीमंतांच्या भागात चांगल्या वस्तू येतात असं सगळेच सांगतात, मीच तिला तिकडे नेलं. दुपारपर्यंत पाच दुकानं पालथी घातली. रॅकच्या रॅक भरलेले होते, पण हाताला लागत होतं ते सगळं पॉलिएस्टर. दोनदा धुतल्यावर गोळे आलेले टॉप, शिवण एका बाजूला फिरलेले ड्रेस. एका टॉपवर ८ पौंडांची चिठ्ठी होती. तसलाच नवा टॉप बाजारपेठेतल्या स्वस्त दुकानात १० ला मिळतो. संस्थेला पैसे हवेत हे मला कळतं, दुकानाचं भाडं आणि वीजबिल त्यातूनच जातं. पण ज्या बाईला थंडीत मुलासाठी कोट हवाय तिने मग जायचं कुठे? एका दुकानातल्या आजींनी सांगितलं, की चांगलं काही आलं तर ते आधीच बाजूला काढून ऑनलाइन विकतात, तिथे किंमत जास्त येते. चूक एकट्या दुकानांची नाही. आम्ही सगळेच इतकं टाकाऊ विकत घेतो, की पुढे दान द्यायलाही टाकाऊच उरतं.

पाचव्या दुकानात तो दिसला. गडद निळा, गुडघ्यापर्यंत, शुद्ध लोकरीचा, साइझ १८, किंमत २२ पौंड. मैत्रिणीने स्वेटरवरूनच अंगात घातला आणि आरशासमोर हात पुढे करून उभी राहिली, अगदी तिची आई उभी राहते तशी. बाही दोन इंच लांब होती, ती आत दुमडता आली असती. अस्तर डाव्या काखेत उसवलं होतं, तेही कुणीतरी जरा फिक्या निळ्या दोऱ्याने बारीक टाके घालून शिवलेलं. किती वर्षं कुणी तो जपून वापरला असेल. मग अस्तर नीट बघावं म्हणून मी कोट उलटा केला आणि खिडकीकडे धरला. पाठीकडेही एका ठिकाणी अस्तर सुटलं होतं, तिथे लोकरीतून उजेड आला. एक भोक, शेजारी दुसरं, मग मानेपर्यंत सुया टोचल्यासारखे ठिपके. कसर लागली होती.

काउंटरवरच्या बाईंना दाखवलं. त्या वरमल्या, माफी मागितली आणि कोट लगेच रॅकवरून काढून मागे नेला. न खपणारे कपडे चिंध्यांच्या व्यापाऱ्याला किलोवर जातात, असं त्या म्हणाल्या. अशा परदेशी जुन्या लोकरीचा मोठा बाजार आपल्या पानिपतला आहे. तिथे ती पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. मैत्रिणीला हे सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती मागच्या दाराकडे बघत होती.

परतीच्या बसमध्ये आईचाच फोन आला. “मिळाला का गं?” “नाही आई, बघतोय अजून.” “जास्त महागाचा घेऊ नकोस. आणि जुना मिळाला तरी चालेल बरं का, तिकडे चांगले असतात म्हणे. शेजारच्या काकू सांगत होत्या.” मैत्रीण काही बोललीच नाही, नुसता माझा हात धरून बसली.

पुढच्या शनिवारी हेडिंग्टनला जायचं ठरलंय, दुकानं उघडायच्या वेळेला. शिंप्याच्या कागदाचा फोटो तिने मलाही पाठवून ठेवलाय, मधल्या दिवसांत मला कुठे दिसलाच तर म्हणून.